मामीनं नाव घेतलं

शेताच्या बांध-धुऱ्यावरून हाणामारी करून आसगावचा आपला मामा जेलात गेला होता ना, तवाची गोष्ट. मामीले म्हटलं, "आधी फोन करून भेटीचे नियम विचारू."

मामी म्हणे, "नवऱ्याले भेटाले कायचे नियम?"

गेलो. खिडकीवरचा शिपाई म्हणे, "कैद्याचं नाव?"

"आमचे हे."

"बाई, आत सगळे कोणाचे ना कोणाचे 'हे'च आहेत!"

मी सांगाले गेलो, त शिपायानं मलेच दटावलं, "ज्याले भेटाचं, त्यानंच सांगाचं. नियम आहे."

तीस वर्षांत मामीनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. शेवटी डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून ओरडली, "डोमाजी!"

भिंतीपल्याडून मामाचा आवाज, "हजर, साहेब!"

मामी भडकलीच. "तीस वर्षं 'अजी, आयकता का' करून घसा सुकला, तवा एकदा ओ नाही देली!"