सशासाठी कुठली गोळी

मी इंजिनिअरिंग का सोडलं, हे विचारताय ना? मग आप्पांच्या रायफलचंच सांगतो. हडपसरचं रान आयटी पार्कला विकलं आणि आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, शिकारीची हौस आली. बंदुकीच्या दुकानात मलाही ओढत नेलं.

"सशासाठी बारक्या गोळीची पॉइंट टू-टू घ्या, बोल्ट ॲक्शन," दुकानदार म्हणाला.

"आन् ती जोरदार गोळीची मॅग्नम?"

"सशाला फार होतं. मांस फाटतं. पण साहेब, शिकारीला बंदी आहे."

"त्ये ऱ्हाऊ द्या."

आप्पांनी दुकानातली प्रत्येक रायफल खांद्याला लावली, बोल्ट मागेपुढे करून पाहिला. "जन्माची वस्तू हाय, घाई करून चालत नाय," म्हणाले. सगळी सकाळ त्यात गेली.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. "चिरंजीव काय करतात?"

"कंप्युटरला घातला व्हता. सोडून बसलाय घरी."

"आवड नव्हती का?"

"आवड कोन इचारतंय? ॲडमिशनच्या लायनीत फुडचा मानूस कंप्युटर म्हनला, आमी बी म्हनलं."

मी तिथंच उभा होतो. आप्पांनी हातातली गोळी उजेडात धरून निरखली आणि काळजीनं विचारलं, "ह्या गोळीनं सशाला लई तरास तर नाय ना व्हनार?"