पायाखालची थरथर

मी मूळची मुळशीच्या अंगाची, डोंगरात आमचं गाव, भाताची खाचरं आन् चिखल, आन् लगीन होऊन आले ती हिंजवडीला, तवा हितं काय व्हतं, काय बी नव्हतं, ऊस व्हता, ज्वारी व्हती, सकाळी एक एसटी यायची आन् संध्याकाळी तीच माघारी जायची. माझं नाव सुभद्रा, पन त्या नावानं आता कोन हाक मारत न्हाई, समदी पोरं काकू म्हनत्यात, डब्याच्या काकू. मालकांचं नाव दत्तात्रय. आता नाव घ्यायला कोन अडवतंय मला, तरी बी जीभ अडते बगा, मी आपली मालकच म्हनते.

आमच्या वावरावर आज काचेची बिल्डिंग हाय. लोक इचारत्यात, वाईट वाटतं का म्हनून. आता काय सांगू तुमाला, वाटतं बी आन् न्हाई बी, त्या बिल्डिंगीतल्या पोरांच्या डब्यावरच माझं घर चाललं की. मालक त्याच कंपनीच्या बसवर ड्रायव्हर व्हते, ते म्हनायचे, पयलं ह्याच रानात बैल हाकत व्हतो, आता साहेब हाकतो, बैल निदान उतरताना दार आपटत न्हाईत. असं बोलायचं आन् तोंडावरची माशी हालू द्यायची न्हाई. हसायचं ते आमी.

गाडी घेतली ती डब्यांपायी. एक साहेब गाव सोडून चालले व्हते, त्यांची जुनी गाडी मालकांनी घेतली, पांढरी, आन् मला म्हनले, आता तू शिकायचं. मी म्हनले, अहो माझ्या डोक्यात पांढरे केस आले, लोक हसतील. तर म्हनले, हसू दे, पयलं रस्त्यातून बाजूला व्हतील आन् मग हसतील. रविवारी कंपन्यांच्या मागं मोकळी जागा असायची तिथं घेऊन जायचे. रागवायचे लई, एरवी कधी आवाज चढवायचे न्हाईत पन गाडीत बसले की चढायचा. ब्रेकवर पाय ठेवायचा, लाथ मारायची न्हाई, म्हनायचे, ब्रेक म्हंजे बाळाच्या पाठीवर हात ठेवल्यावानी. आन् मी जोरात गेले की ते आपल्या बाजूला रिकाम्या फरशीवर पाय दाबायचे, तिथं ब्रेक नसताना. सगळ्या जन्मात त्यांनी गाडीखाली कोंबडी घातली न्हाई, खरं सांगते, कोंबडी सुदिक न्हाई.

मग त्यांना कंपवात झाला. आदी हाताची बोटं, मग उजवा पाय. ज्या पायावर इतकी वर्सं एवढी मोठी बस थांबवली तोच पाय. बस सुटली, घरी बसले. पाय कसा थरथरायचा सांगू का, वासराच्या अंगावर माशी बसली की नुसतं कातडं हालतं ना, तसं, बारीक, भराभरा, थांबायचं, परत सुरू. दुपारचे डबे गेले की मी खाटेवर बसायचे आन् तो पाय मांडीवर घ्यायचे, वरून हात ठेवायचे. हात ठेवला की कमी व्हायचं. बोलनं काय जास्त नसायचं, ते म्हनायचे, इंजिन चालू हाय, गाडी मात्र हालंना. आन् गेले ते बी असेच, दुपारी, पाय माझ्या मांडीवर. थरथर थांबली. मला वाटलं डोळा लागला, बरं झालं, झोपू दे. लई वेळ बसले तशीच, पायाला मुंग्या आल्या माझ्या, तरी उठले न्हाई, झोपमोड नको म्हनून.

पुढं काही दिवस गाडी अंगनात उभीच. महेश, माझा मुलगा, तो म्हनला इकून टाकू, तू काय आता चालवनार. डबे द्यायला एक रिक्षावाला ठरवला व्हता. एक दिवस तो आला न्हाई, पोरं उपाशी राहतील म्हनून मी किल्ली घेतली, डबे मागं ठेवले आन् निघाले. फाटकाच्या बाहेर उतार हाय थोडा, तिथं मी हळूच ब्रेक दाबला, गाडी थांबत आली, आन् पायाखाली थरथरलं.

बगा, आता सांगताना बी अंगावर काटा येतोय.

तीच थरथर. बारीक, भराभरा, थांबली, परत सुरू. मी पाय काढून घेतला. परत ठेवला. परत तसंच. मी तिथं उतारावर गाडी उभी करून रडत बसले, मागनं हॉर्न वाजायला लागले तवा भानावर आले. समोर वेग दाखवनाऱ्या काट्यापाशी एक पिवळा दिवा लागला व्हता, मी काय लक्ष दिलं न्हाई, पुढं गेल्यावर तो गेला बी. दिवा कधी लागायचा, कधी जायचा.

मग मी रिक्षावाल्याला नको म्हनले, डबे मीच देते. महेशला बरं वाटलं, आई सावरली म्हनून. सावरली कुठली. मी वाट वाकडी करून जायचे, जिथं थांबायचं काम न्हाई तिथं बी ब्रेक दाबायचे, प्रत्येक वेळी यायचं असं न्हाई, कधी यायचं, कधी न्हाई, आन् आलं की मी बोलायचे त्यांच्याशी, जेवले का, आज वांगी केलीत, तुमच्या बसवर नवा पोरगा हाय, दार आपटतो. पोरं म्हनायला लागली, काकू, डबा गार येतोय. मी म्हनायचे, ट्रॅफिक हाय रे बाबा. हिंजवडीत ट्रॅफिक म्हनलं की कोन पुढं काय इचारत न्हाई.

कोनाला सांगितलं न्हाई, एका ननंदेला सांगितलं. ती म्हनली, दादाचं काय तरी राहिलंय, जीव घुटमळतोय, तू पितरांच्या पंधरवड्यात पान नीट ठेव. मी ठेवलं, त्यांच्या आवडीचं समदं केलं, कढी, वडे, भोपळ्याची भाजी. पान ठेवून मागं सरले न्हाई तोवर कावळा शिवला. ननंद म्हनली, बघ, तृप्त हाय दादा, काय राहिलेलं न्हाई. मला तर उलटंच भ्या वाटलं. म्हनलं, ते तृप्त हायत, ते गेलेत, तर मग गाडीत कोन हाय? माझ्या पायाखाली रोज कोन हालतंय? त्या दिवसापास्नं गाडीत बसायच्या आदी देवाचं नाव घ्यायचे, आन् न बसता करमायचं बी न्हाई. असं इचित्र व्हतं ते.

आन् मग ती सकाळ. चौकाच्या अलीकडं उतार हाय, पान्याचा टँकर गळत गेलेला, रस्ता ओला. एक बाई आन् तिच्या हाताला धरून शाळेची पोरगी, दोघी रस्ता ओलांडत व्हत्या, आपल्या हक्कानं, हळूहळू. मी लांबूनच ब्रेक दाबला. पायाखाली थरथरलं, खडखड खडखड, आन् गाडी थांबंना. मी अजून जोरात दाबला, मालक नको म्हनायचे ती लाथच मारली, तरी पायडल पायाला उलटं ढकलतंय आन् गाडी आपली सरकत चाललीय. बाईनं पोरीला मागं ओढलं. गाडी थांबली तवा बंपर पोरीच्या दप्तराला टेकला व्हता. पोरगी भ्याली न्हाई, तिची पान्याची बाटली पडली व्हती, ती खाली वाकली, गाडीच्या तोंडापुढं, बाटली उचलली, पुसली. तिची आई माझ्याकडं बघत व्हती. शिवी द्यावी ना तिनं, मी वाट बघत व्हते. तिनं नुसतं म्हनलं, काकू, तुमालाच घरी सोडायचं का कोनी? आन् मी थरथरत व्हते, गाडी न्हाई, मी.

कशी घरी आले मला आठवत न्हाई. चुलीवरचं उतू चाललं तरी बसून व्हते, आन् डोक्यात एकच. हे जर ते असते तर गाडी थांबली असती. जिथं ब्रेक न्हाई तिथं बी पाय दाबनारा मानूस, तो लेकराच्या अंगावर गाडी जाऊ देईल? मग हे ते न्हाईत. हे दुसरंच कायतरी हाय, त्यांच्या पायाचं सोंग घेऊन आलेलं. त्या इचारानं जेवढी घाबरले तेवढी मी त्यांच्या मरनाला बी घाबरले नव्हते.

मग महेशला समदं सांगितलं, तो म्हनला, आजच्या आज काढून टाकू गाडी. मी म्हनले, कोनाला देनार, ज्याला देशील त्याच्या पायाखाली बी हेच येईल ना? आदी ह्याला काढायचं. मग मी रशीदभाईंना फोन लावला. रशीदभाई म्हंजे मालकांचे दोस्त, विश्रांतवाडीला राहत्यात, बसच्या यार्डात इलेक्ट्रिकचं काम करायचे, आता घरी असत्यात. ईदेला त्यांच्याकडनं शीरखुर्मा यायचा, दिवाळीला आमच्याकडनं चकल्या, असं ते घर. म्हनले, वहिनी, गाडी गॅरेजला आणा, मी तिथं येतो. मी म्हनले, न्हाई, रस्त्यावर काढनार न्हाई मी ती, हितं अंगनातच काय करायचं ते करा. ते म्हनले, बरं, येतो.

आले स्कूटरवर, पिशवीत हत्यारं आन् एक तपासायचं मशीन. गाडीत बसले, अंगनातल्या अंगनात थोडी पुढं घेतली, ब्रेक दाबला. मी दारात उभी. ते उतरंनात. परत मागं घेतली, परत दाबला. मग उतरले आन् टोपी काढून डोकं पुसलं. मी म्हनले, काय? म्हनले, काही नाही वहिनी, चहा टाका.

चहा व्हईस्तोवर मशीन लावून, चाकांपाशी वाकून समदं बघितलं, आन् चहा पिता पिता समजावलं मला. प्रत्येक चाकाजवळ एक बारीक सेन्सर असतो, चाक फिरतंय का अडकलं ते तो एका पेटीला सांगतो, काळी पेटी, बॉनेटखाली. चाक अडकून गाडी घसरायला लागली तर ती पेटी ब्रेक सोडते-धरते, सोडते-धरते, भराभरा, म्हनून पायाला थरथर लागते, ते चांगल्यासाठीच असतं. पन तुमची पेटी आतून बिघडलीय, चाक नीट फिरत असताना तिला वाटतं अडकलं, आन् ती ब्रेक सोडून देते. सेन्सर, वायरी समदं तपासलं, तिथं काय न्हाई, पेटीच बदलायची. मी म्हनले, म्हंजे ती धरत न्हाई, सोडते? म्हनले, हो वहिनी, सोडते.

नवीन पेटी घेऊन परत आले चार दिसांनी. तोवर गाडीला मी शिवले न्हाई, तिच्यावरनं गोधडी टाकली व्हती, का टाकली काय ठाव. सकाळची उन्हं व्हती. रशीदभाईंनी आदी बॅटरीची तार काढली आन् जरा थांबले. मग त्या पेटीचा मोठा प्लग, त्याची कडी घट्ट बसलेली, जोर लावायचा न्हाई म्हनले, तुटली तर पंचाईत, हळूहळू सोडवली. पेटी एका लोखंडी ठोकळ्याला चिकटून असते, त्याच्यातनं ब्रेकच्या तेलाचे पाइप जात्यात, म्हनले, पाइपांना हात लावायचा नाही, नुसती पेटी सुटते. स्क्रू काढून माझ्याकडं द्यायचे, मी डब्याच्या झाकनात ठेवायचे. शेवटचा स्क्रू राहिला तवा माझ्या तोंडातनं निघालं, थांबा.

ते थांबले. मी वाकून त्या पेटीवर हात ठेवला. धूळ, तेलकट, गार. नुसती गार. काही हाललं न्हाई. मालकांच्या पायावर हात ठेवला की कमी व्हायचं म्हनले ना, तसा ठेवला व्हता मी. तिथं कमी व्हायला काही नव्हतंच.

मी म्हनले, काढा.

निघाली. जागा पुसली, नवीन बसवली, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले, प्लग, बॅटरी, आन् मग ते मशीन लावून नव्या पेटीला गाडीची ओळख करून दिली, तसं केल्याबिगर ती काम करत न्हाई म्हनले. पिवळा दिवा लागला आन् गेला. गेला तो गेलाच. महेश म्हनला, जुनी ठेवायची का आई, बाबांच्या गाडीची हाय. मी म्हनले, लेकराच्या अंगावर गाडी नेनारी वस्तू मी घरात ठेवू? रशीदभाईंनी ती पिशवीत टाकली.

मग म्हनले, वहिनी, चालवा तुमी. ते शेजारी बसले. गल्लीत हळू गेले, दाबला. गाडी थांबली. परत पुढं, परत दाबला. थांबली. पायाखाली गप्प. उतारावर गेले, दाबला, गप्प. मी किती वेळा दाबला असेल, रशीदभाई बिचारे प्रत्येक वेळी पुढं झुकायचे. शेवटी कडेला उभी केली आन् पदर तोंडाला लावला. जानेवारीत मांडीवर पाय गार पडला तवा मी रडले नव्हते हो, लोकांनी रडवलं तेवढीच रडले व्हते. त्या दिवशी गेले ते माझ्यासाठी.

रशीदभाई खिडकीच्या बाहेर बघत म्हनले, पहिल्यांदा दाबला ना वहिनी, तेव्हा मलाही दत्तूच वाटला. यार्डात शेवटी शेवटी मीच त्याचा पाय धरून बूट घालायचो. एवढंच. मग शाळा सुटल्याचा गलका आला तवा निघालो.

आता बरं हाय. डबे ऊन ऊन जातात, पोरं खूश. चौकातल्या उतारावर मात्र अजून ती पोरगी दिसते मला, खाली वाकलेली. खरी पोरगी आता मोठी झाली असेल, कधी भेटली न्हाई परत, पन ही हाय तेवढीच राहिली, बाटली पुसत. तिथं मी गाडी जवळजवळ उभीच करते, रस्ता मोकळा असला तरी. मागचे हॉर्न वाजवत्यात, वाजवू दे. मालक स्वप्नात बी येत न्हाईत. ननंद म्हनते चांगलं हाय, सुटले. असेल. सुटू दे त्यांना, लई हालले बिचारे. माझ्या बाजूनं मी काय आता बोलावत न्हाई.

लई बोलले मी, तुमचा बी चहा गार झाला. देव तुमचं भलं करो, एवढं ऐकून घेतलंत, पोटची पोरं बी बसत न्हाईत इतकं. चला, बस स्टॉपपर्यंत सोडते तुमाला, ह्या उन्हात कुठं चालत जाता. न्हाई, मागं नको, मागं डबे हायत. पुढं बसा. रिकामीच हाय ती सीट.