तीस कोसांचं गणित

बीजगणित म्हटलं की मले आमचा गणपत आठवते. शाळा तपासायले पुण्याकडचे डिप्टीसाहेब आले होते. त्यायनं विचारलं, "अमरावतीहून कापसाची गाडी निघाली, त्याच वेळी अकोल्याहून मिठाची. मधे तीस कोस. कापसाची दीडपट चालते. मिठाची गाडी क्ष कोस चालली असं धरा. भेटतील कुठे?"

"मूर्तिजापुरात!" गाडीवानाचा गणपत ताडकन उठला. "तिथं विहीर हाय ना! माहा बाप अन् अकोल्याचा मामा दर खेपेले तिथंच बैल सोडतेत, संगं भाकर खातेत."

"खाली बस. गणितातल्या बैलांना तहान लागत नाही. क्ष आणि दीड क्ष मिळून तीस, म्हणून क्ष बारा." अकोल्याहून मूर्तिजापूर बाराच कोस हाय.

मंग आगगाडी आली, कापूस तिच्यातून जाऊ लागला. तिचं इंजिनही मूर्तिजापुरातच पाणी पिते. पण गणपतचा बाप अन् मामा तिथं पुन्हा भेटलेच नाही.