नमुन्याची वाटी

हॅलो?… हो चिमे, ताईच बोलतेय. कुणाचा आवाज बसलाय? माझा?… छे गं, बटाटे सोलतेय, फोन मानेत धरलाय म्हणून. थांब, स्पीकरवर टाकते… हं, बोल आता.

नाही गं बाई, मी ठणठणीत आहे. मला काय धाड भरलीय! आजारी पडलेत ते आमचे म्हातारे… अठरा जण. बावन्नातले अठरा. मंगळवारी दुपारी जेवले आणि अंधार पडायच्या आत एकेकाला कळा सुरू झाल्या, जुलाब… अगं, वृद्धाश्रमात संडास किती असणार? पाच. काय हाल झाले असतील, तूच बघ.

हो, हो… आता बरे आहेत बरेचसे. मास्तर तेवढे अजून दवाखान्यात… अगं तेच, सात नंबरच्या खोलीतले, मला 'अन्नमंत्री' म्हणतात ते. ऐंशीच्या पुढचा जीव, अंगात पाणीच राहिलं नाही. दोन दिवस सलाइन लावून पडलेत. काल डोळे उघडले आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? 'आज सूप आहे का?'… हसू नकोस गं… मी? मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

का म्हणजे काय? रडू आलं म्हणून रडले.

हो, आला ना जेवणाच्या तपासणीचा रिपोर्ट. सकाळीच आला. मी केलेल्या चिकन सुपात काही सापडलं नाही… हो, सुटले म्हणे मी… अगं नाचतेस काय अशी? ऐक तरी… चिमे, ऐक ना! कॅनमधल्या कच्च्या दुधात दोष निघालाय थोडा. झालं, सगळं खापर दूधवाल्या काकांवर. मॅनेजर साहेबांनी आज त्यांचे कॅन फाटकातूनच परत पाठवले. अकरा वर्षं दूध घालतोय तो माणूस. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, 'काकू, मी कॅन रोज उकळत्या पाण्यानं धुतो हो.' मला वर बघवेना. आता साहेब चार वाजता कागद घेऊन येणारेत. दूध कायमचं बंद. त्यावर स्वयंपाकघराची म्हणून सही माझी लागते.

पावणेचार झालेत… नाही करत मी सही.

कारण दूध नव्हतंच ते! दूध मी स्वतः तापवते, उतू जाईस्तोवर. ते सूप होतं, चिमे… माहितीये मला, रिपोर्टात साफ आलंय. तेच तर सांगतेय. आमच्याकडे रोज जे शिजतं त्यातलं वाटीभर काढून ठेवतात, नमुना म्हणून. झाकण, वर तारीख, आणि सरळ फ्रिजमध्ये. कुणाचं पोट बिघडलं तर तपासायला तीच वाटी जाते. आता ती वाटी मी कधी भरली? सोमवारी चार वाजता, मंगळवारच्या जेवणाचं सूप आदल्या दिवशीच करून गॅसवरून उतरवलं तेव्हा. वाफाळतं. तेव्हा ते चांगलंच होतं गं! बिघडलं ते नंतर, मोठ्या पातेल्यात… हो, वाटीतलं सूप चांगलं, पातेल्यातलं नाही. कळलं?

एरवी मी काय करते, सूप उतरवलं की लगेच उथळ ट्रेंमध्ये ओतते, गार होऊ देते आणि फ्रिजमध्ये सरकवते. दोन तासांच्या आत. ट्रेनिंगच्या बाईंनी घोकूनच घेतलं होतं. काही जंतू उकळूनही मरत नाहीत म्हणे, नुसते दबा धरून बसतात. कोमट झालं की वळवळायला लागतात, आणि तेवढ्या मोठ्या पातेल्यात सूप कोमट राहतं तासन्‌तास. सोमवारी पातेलं ओट्यावरच राहिलं. साडेआठला आठवण झाली, तसंच उचलून फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी गरम केलं, तेही बेताचं… त्यांची तोंडं भाजतात ना गं, म्हणून. उकळी नाही फुटू दिली.

विसरले… विसरले म्हणजे विसरले. माणूस विसरत नाही का?

बेसिन तुंबलं होतं… बरं, नव्हतं तुंबलं. कशाला खोदून खोदून विचारतेस?

काय?

सोमवारी किती वाजता म्हणजे… चिमे, राहू दे ना.

हो. सोमवारीच. हो, तुझाच फोन होता… अगं वेडाबाई, रडू नकोस! म्हणून तर सांगत नव्हते तुला. पोरगी पहिल्यांदा घराबाहेर गेली, तिची खोली रिकामी बघून तुझा जीव कासावीस झाला, तू ताईला फोन नाही करणार तर कुणाला करणार? सव्वाचारला केलास, सहाला ठेवलास, आणि मी खुर्चीवर बसूनच राहिले, आपल्या आईचा विचार करत. तूही अशीच गेली होतीस ना हॉस्टेलला… तुझा काय दोष त्यात? हात माझे मोकळे होते. एका हातानं फोन धरून ट्रे भरता आले असते. नाही भरले. संपलं.

नाही, नाही, नाही. गप्प बसायचं नाही. तपासणीवाल्या बाईंनी विचारलं, सूप गार कसं केलं? मी तोंड वर करून सांगितलं, 'नेहमीसारखं.' एकोणीस वर्षांत या स्वयंपाकघरात पहिल्यांदा खोटं बोलले, चिमे.

जाईल नोकरी. गेली तर गेली… म्हणजे, भीती वाटतेय. खूप वाटतेय. या माणसांशिवाय मी काय करणार आहे दिवसभर? पण त्या काकांनी काय पाप केलंय?… तुझ्याकडे राहायला? त्या रिकाम्या खोलीत? बघ हं, सकाळी सहाला भांडी वाजवीन तुझ्या डोक्याशी… हं, आता कशी हसलीस. नाक पूस.

थांब… थांब, आले वाटतं. ठेवू नकोस, लाइनवर थांब.

या साहेब. बसा. तो कागद राहू द्या… नाही, पेन आहे. सही करणार नाही मी. त्रास दुधानं नाही झाला. सूप बिघडलं, आणि ते माझ्यामुळे बिघडलं. वाटी मी गरम असतानाच भरली होती, पातेलं मात्र साडेचार तास ओट्यावर राहिलं… हो, तपासणीच्या बाईंशी खोटं बोलले. त्यांनाही मीच सांगते… कारण? फोनवर बोलत बसले होते… कुणाशी ते सोडा ना साहेब, त्याचं काय… अगं! गप गं! स्पीकर चालू आहे, सगळं ऐकू जातंय त्यांना!… साहेब, माझी धाकटी बहीण आहे. चूक अर्धी तिची म्हणतेय. तिचं मनावर घेऊ नका, लहानपणापासून माझ्यातलं अर्धं मागायची सवय आहे तिला.

…हो साहेब. हो. लिहून देते… आजच देते… उद्यापासून येऊ नको म्हणालात तरी माझी तक्रार नाही. फक्त आधी काकांना बोलवा परत… नंबर नाही तुमच्याकडे? अकरा वर्षांत नंबर नाही घेतला?… माझ्याकडे आहे. थांबा.

चिमे, ठेव आता… हो गं, सांगते नंतर सगळं… हो, मीही. ठेव. मला त्यांना फोन लावायचाय.