वाचवलेला खडक

जबलपुरात बसमध्ये मराठी कानावर पडली, की सुनेत्राला स्वतःचा स्टॉपही आठवत नसे. आज मागच्या सीटवरून आवाज आले, शहरातल्याच गढा वस्तीतल्या दोन बायकांचे.

"जयभीम, पार्वतामावशी! तुमच्या घरामागची टेकडी फोडून राहिले म्हणे?"

"हो ना, यशोधरा. रस्त्याले गिट्टी पाहिजे, म्हणून ठेकेदारानं सुरुंग लावले."

"पण टेकडी का मेथीची भाजी आहे, पुन्हा उगवाले?"

"तेच सांगितलं, कोणी ऐकेना. मग दारासमोरच्या खडकालेही सुरुंग लावाले निघाले, तर त्याले मीच शेंदूर फासून दिला."

"मावशी! आपण बौद्ध, अन् शेंदूर?"

"देव थोडीच मानला? नुसता रंग दिला. पण मजूर चपला काढून मागं सरले. खडक वाचला."

"चलो, अच्छा झालं! अन् ठेकेदार?"

"तो तर पक्का भक्त झाला. वरून टिनाचं छप्पर टाकलं. रोज सकाळी तिथं नारळ फोडे, मले खोबरं दे, अन् मग कामाले जाय."

"कोणत्या कामाले?"

"मागची टेकडी फोडाले. परवा पेढे घेऊन आला. म्हणते, मावशी, तुमचा देव पावला, टेकडी मुदतीच्या आधीच संपली."