मुलाचं उत्तर

दातांच्या दवाखान्यात नंबर लागायला अजून वेळ होता. परगावच्या मुलाचं सकाळीच मेलवर उत्तर आलं होतं, म्हणून म्हातारे शिंपीकाका दाढ ठणकत असूनही खुशीत होते. शेजारच्या बाकावर दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

"अगं, कुणाचे तरी वडील मुलाला म्हणून मलाच मेल पाठवतात."

"मग कळव ना त्यांना, पत्ता चुकलाय म्हणून."

"मेलमध्ये मुलाच्या ऑफिसचं नाव होतं. तिथे फोन लावून त्यालाच सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, चुकला-बिकला काही नाही, मीच त्यांना भलता पत्ता दिलाय. रोज डोक्याला ताप कोण करून घेणार?"

"शी! मेला मुलगा आहे की कोण! मग आता?"

"आता मीच उत्तर देते, त्याच्या नावानं."

"तू? अगं, पकडली जाशील एक दिवस."

"छे! कामात आहे, तब्येतीला जपा, एवढंच लिहिते. त्याहून जास्त मायेनं लिहिलं तर त्यांना संशय येईल."

शिंपीकाकांनी चष्मा पुसला आणि सकाळचं उत्तर पुन्हा उघडलं. दोनच ओळी होत्या.