शेजारचा धूर

नाही, नाही, बसा तुम्ही, बादली तेवढी सावलीत सरकवा, मुळं सुकतील — पण आधीच सांगतो, मला सगळं नीट आठवतंय असं धरून चालू नका. त्या सकाळी माझ्या उजव्या हातात मुळांचा कुठला गड्डा होता आणि डाव्या हातात कुठला, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. सव्वीस वर्षं झाली. फूल मात्र ओळखलं. तुम्ही कुंपणाच्या फटीतून विचारलंत ना, हे धुरकट फ्लॉक्स कुठलं — बाग तुम्ही परवा घेतलीत, तुम्हाला कुठून ठाऊक असणार? ते सतरा नंबर. माझं. बी पेरून मी वाढवलेलं. दुपारी पाहिलं तर साधं फिकट जांभळं, कुणी वळूनही बघणार नाही, आणि उन्हं उतरली की पाकळ्यांवर राख पसरल्यासारखा निळा — असं साऱ्या मॉस्कोत कुणाकडे नव्हतं, विचारा कुणालाही. म्हणजे, आता कुणाला विचारणार म्हणा. आणि ते तुमच्या बागेत लावलं रोदिओनने. रोदिओन मात्वेयेविच, तुमच्या आधीचा मालक, माझा वीस वर्षांचा मित्र. हो, मित्रच. चोर मी त्याला नंतर म्हणालो.

तुम्ही नवख्या आहात, म्हणून सांगतो — आम्हा फ्लॉक्सवाल्यांची एक रीत होती. सप्टेंबरात गड्डा फोडला की आपल्या सगळ्यात चांगल्या जातीचा एक तुकडा भरवशाच्या माणसाकडे ठेवायचा. एका बागेत थंडीने गेलं तर दुसरीकडून परत आणता यावं, एवढ्यासाठी. कागद नाही, पावती नाही. मागितलं की द्यायचं. तर त्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, सतरा नंबर ठेवायला रोदिओनकडे द्यायचं ठरलं. आणि मी — काय आहे, फूल अजून प्रदर्शनात गेलं नव्हतं, नाव लागलं नव्हतं, आणि रोदिओनचा हात फार गुणी, त्याच्याकडे काठीलाही पालवी फुटायची — मी त्याला ते देणार नव्हतो. तसं बघू नका माझ्याकडे. मी एक साधा गुलाबी गड्डा फोडला. देठ वीतभर ठेवून छाटले की मुळं सगळी सारखीच दिसतात, ब्रह्मदेवालाही फरक कळायचा नाही. माझी बायको झीना प्रसूतिगृहात नोकरीला, बाळांच्या मनगटाला बांधतात त्या मेणकापडाच्या चिठ्ठ्या ती आणायची. त्यातली 'सतरा' लिहिलेली चिठ्ठी मी खऱ्याची सोडली आणि गुलाबी गड्ड्याला बांधली. खरा तसाच, बिनचिठ्ठीचा.

सकाळी तो कुंपणाशी आला. "काय प्रोफेसर, गड्डा सोडवत नाही वाटतं, पोरगी सासरी पाठवताय की काय!" म्हणाला. मी हसलो. गड्डा दिला. तो उलटासुलटा करून म्हणाला, "चिठ्ठी कुठाय रे?" मी म्हणालो, "पडली असेल, तू लिहून घे — सतरा." हे मी म्हणालो, हे मात्र पक्कं आठवतं. आता तुम्ही म्हणाल... असू दे, पुढं ऐका. मग मी वळलो आणि सतरा नंबर नेहमीच्या वाफ्यात लावला. चिठ्ठी बघूनच लावला. वीस वर्षांची सवय, चिठ्ठी बघायची आणि लावायचं.

त्या हिवाळ्यात बर्फ उशिरा पडलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी पारा उणे चाळिशीला टेकला. माझा अख्खा वाफा गेला, सतरा नंबरसकट. वसंतात कुंपणावरून हाक — "इनोकेंती! तुझं सतरा नंबर फुटलंय, चार कोंब! परत नेतोस का?" आणि मी, गुलाबी फुटलंय म्हणून मनातल्या मनात हसत, "राहू दे, तुलाच राहू दे." ऐकलंत? तुलाच राहू दे.

एक्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये आमच्या फ्लॉक्सवाल्यांच्या संस्थेचं प्रदर्शन. रोदिओनने ते घराआड लावलेलं, फुललेलं मला कधी दिसलं नव्हतं; मी आत शिरतो तर मेजावर माझं फूल. खाली नाव — 'शेजारचा धूर'. माझ्या न्हाणीघराचा धूर त्याच्या बागेत जायचा, त्यावरून तो कायम मला टोमणे मारायचा. मला वाटलं, चोरलं ते चोरलं आणि वर चिडवतोय. चाळीस वर्षं मुलांना सिद्धता शिकवली मी, बाई. मी ते दिलं नाही. त्याच्याकडे ते आहे. म्हणजे कुंपण ओलांडून त्याने मूळ कापून नेलं. सरळ आहे. भर दालनात ओरडलो — चोर! तो गोंधळला. म्हणाला, "अरे, तूच दिलंस ना मला, तुझ्या हाताने." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ते मी दिलंच नव्हतं!"

  रोदिओनने हळूच विचारलं, "मग मला काय दिलं होतंस?"

मी निघून आलो. संस्थेत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. त्याने कुंपणाला फळ्या ठोकल्या, त्या अजून आहेत, तुम्ही मघाशी ज्या फटीतून बोललात ती पुढे लाकूड वाळून पडली. नऊ वर्षं तो पलीकडे खोकायचा, मी अलीकडे. मग खोकणं थांबलं, बाग तुम्ही घेईपर्यंत तशीच पडून राहिली. आणि मी तेव्हाही म्हणत होतो, फसवलं मला, जिवाभावाच्या माणसाने फसवलं. अजूनही म्हणतो कधीकधी. सवय.

नको, परत नको मला ते, माझ्या वाफ्यात जागा नाही. आहे, पण... तुम्ही जा आता. तुमच्याकडे काहीतरी करपतंय, वास येतोय. जा म्हणतो ना. बादली — बादली राहू दे.

गेली. एवढं तिला सांगितलं नाही — चौऱ्याण्णव साली संस्थेची खोली रिकामी करत होते, तेव्हा नव्या जातींची जुनी नोंदवही मी स्वतः उघडून पाहिली. 'शेजारचा धूर. निर्माता: इनोकेंती ल्वोविच स्त्रेशनेव.' अक्षर रोदिओनचं. तारीख फेब्रुवारीतली, प्रदर्शनाच्या सहा महिने आधीची.